विजू, अष्टमीला ओहोटी दुपारी आहे

विजू,

मला अजून रडू आलेलं नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुला वाट बघायला नको. तुझ्या तेराव्याला बायका माझ्या तोंडाकडे बघत होत्या. एवढी जिवाभावाची नणंद गेली आणि ही बाई वरणात मीठ आहे की नाही ते बघत फिरतेय, असं त्यांच्या मनात असणार. मीठ कमीच होतं, मी घातलं. तेव्हापासून मी बरीच कामं उरकली आहेत. देवपूरच्या तुझ्या घरातला फ्रीज रिकामा करून पुसला, पडदे धुऊन परत लावले, कुंड्यांना पाणी घालते. हात चालतात, पाय चालतात. आतलं मात्र सगळं बधिर आहे. दाढ काढल्यावर गालाला हात लावला तरी तो आपला वाटत नाही, तसं.

रविवारच्या चालण्याची मंडळी भेटायला आली होती. म्हणाली, वहिनी, मॅडमबद्दल तुम्ही लिहा, आपण सगळे बसून वाचू. मी म्हटलं, मला कुठलं लिहिता येतंय. त्यावर सलीमभाई म्हणाले, "भांडता येतं ना? मग कागदावर भांडा. मॅडमना तेच आवडेल." फर्निचरवाल्या माणसाला कुठे खिळा मारायचा ते बरोबर कळतं. म्हणून लिहायला बसले आहे. तुझा जन्म कुठला, नोकरी किती वर्षं, बक्षिसं कुठली, ते शाळेचे लोक लिहितील. मला आपल्या एका अर्ध्या राहिलेल्या भांडणाबद्दल बोलायचंय. ते आता नुसतं तुझं-माझं राहिलेलं नाही. त्यावरून जिजीनं अन्न सोडलं होतं.

जिजी म्हणजे तुझी आई, माझी सासू. पण वाचणाऱ्यांत नवे लोक असतील, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा तू कॉलेजात होतीस. आमच्या असोद्याला सगळी काळी माती, केळी आणि कापूस. नांगराला दगड लागला तर आमचे लोक त्याला शिवी घालून बांधावर फेकतात. तू तोच दगड ओढणीच्या टोकाला बांधून घरी आणायचीस. खिडकीत दगड, कपाटावर दगड, पलंगाखाली दगड. मी जिजीला म्हटलं होतं, हिला नवरा नको, हिला बैलगाडी द्या. तू हसलीस, आणि नवरा खरंच केला नाहीस. भूगोलाची मॅडम झालीस, आणि दर रविवारी लोकांना उन्हात हिंडवायला लागलीस.

सुरुवातीला शाळेतली मुलं यायची. मग त्यांच्या आया यायला लागल्या, मग आज्या. सलीमभाई मुलींना सोडायला आले आणि स्वतःच अडकले. तुझा दादा, म्हणजे माझे हे, डबे उचलायला म्हणून यायचे आणि झाडाखाली झोपायचे. तू कोणाला ना म्हटलं नाहीस. तुझा एकच नियम होता: ज्याला चालणं सगळ्यात जड जातं त्यानं पुढे चालायचं, बाकीच्यांनी त्याच्या मागे. म्हणून आपल्या फौजेच्या पुढे कायम जिजी असायची, नऊवारीचा काष्टा घट्ट करून, हातात काठी, आणि मागे वीस-पंचवीस माणसं हळूहळू. बघणाऱ्याला वाटायचं म्हातारीनं मोर्चा काढलाय.

साक्रीकडच्या त्या काळ्या भिंती तूच आम्हाला दाखवल्यास. दाखवल्यास म्हणजे काय, जिजीच्या गावामागेच एक आहे, तिच्या सावलीत ती लहानाची मोठी झाली. माळावर मैलभर सरळ गेलेली, काळ्या दगडांची, एकावर एक रचल्यासारखी. गावातले म्हणायचे राक्षसांनी बांधली, उजाडलं म्हणून अर्धी टाकून पळाले. तू मुलांना भिंतीला पाठ लावून बसवायचीस आणि सांगायचीस, कोणी बांधली नाही रे. जमिनीला भेग पडली, खालून रस आला, भेगेतच थिजला. आजूबाजूचा खडक मऊ होता, तो झिजून वाहून गेला. हा कडक होता, हा उभा राहिला.

जिजीनं काठी टेकवून विचार केला आणि म्हणाली, "म्हंजे भेगनीच भित व्हयनी?"

"हा जिजी. भेगनीच भित व्हयनी," तू म्हणालीस, आणि दिवसभर खूश होतीस. वर्गात पंचवीस वर्षं शिकवून जे एका पोरानं एवढं नीट सांगितलं नाही ते जिजीनं सांगितलं, असं तू मला परतीच्या बसमध्ये म्हणालीस.

त्याच दिवशी कोणीतरी विचारलं, मॅडम, अशा भिंती अजून कुठे आहेत? तू म्हणालीस, कोकणात आहेत, तिथे त्या समुद्रात शिरतात. ह्याच त्या नव्हेत, पण एकाच घराण्यातल्या. झालं. त्या दिवसापासून तुझ्या डोक्यात समुद्र शिरला. तू समुद्र पाहिला होतास तो मुंबईच्या चौपाटीवर, आणि त्याला तू समुद्र मानत नव्हतीस. समुद्रकडा आणि तरंगघर्षित चबुतरा, म्हणजे लाटांनी घासून सपाट केलेला खडक, यांच्या आकृत्या तू फळ्यावर इतकी वर्षं काढल्यास, की धुळ्यातली अर्धी पोरं तो चबुतरा डोळे मिटून काढतील. पण त्यावर पाय ठेवलेला कोणीच नव्हता, तूसुद्धा नाही.

जिजी म्हणाली, कोकणात जायचंच तर हरिहरेश्वरला जाऊ. तिथली प्रदक्षिणा समुद्राच्या काठानं, खडकावरून आहे असं तिनं ऐकलं होतं. आणि जायचं तर पौर्णिमेलाच. तू कपाळाला हात लावलास. पौर्णिमेला उधाणाची भरती असते, ऐन दुपारी पाणी कड्याला लागतं, तू जेवताना ताटात वाटी आणि लिंबू ठेवून तिला चंद्र-सूर्य समजावलेस. जिजीनं लिंबू उचलून वरणात पिळलं. शेवटी तूच म्हणालीस, बरं, पौर्णिमेला पहाटे ओहोटीही तशीच मोठी असते, खडक जास्त उघडा मिळेल. पण उजाडताना आपण खडकावर पाहिजे. उशीर चालणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आणि मग आपण भरीत न्यायचं ठरवलं.

कोकणात माणसं मासे खायला जातात. आपण दीडशे कोस लांब असोद्याची वांगी घेऊन निघालो. कारण मार्गशीर्ष होता, वांगी ऐन भरात होती, आणि हिवाळ्यात चार खान्देशी माणसं एकत्र निघाली की भरीत होणारच. बरं, वांगी गॅसवर भाजून न्यावीत, तर तेही नाही. वांगं कपाशीच्या काड्यांवर, म्हणजे पऱ्हाटीवरच भाजलं पाहिजे, नाहीतर त्याला आमच्याकडे भरीत म्हणत नाहीत. माझा भाऊ असोद्याहून वांग्यांचं पोतं आणि पऱ्हाटीचा भारा घेऊन यायचा होता. तो आला तेव्हा बस सुटायची वेळ टळून गेली होती. मग भारा टपावर चढेना. चढला तर ड्रायव्हर म्हणाला, काड्या उडतील, ताडपत्री आणा. तू बसच्या दारात उभी राहून घड्याळ बघत होतीस आणि माझ्याकडे बघत नव्हतीस. मी तुला बसमध्ये म्हटलं, एवढं काय, समुद्र पळून जाणार आहे का? तू म्हणालीस, "तोच तर पळतो, वहिनी. पळतो आणि परत येतो."

आपण पोहोचलो तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. तुझा दादा आणि दोघे-तिघे पायऱ्यांच्या खाली, एका सपाट खडकावर, चूल मांडायला थांबले. आम्ही बाकीचे जिजीच्या मागे प्रदक्षिणेला निघालो. पाणी बरंच लांब दिसत होतं. तू एकटीच सारखी मान वळवून तिकडे बघत होतीस.

त्या तासाभराबद्दल मला लिहायला आवडलं असतं, पण लिहायला बसले की हात थांबतो. जेवढं येतंय तेवढं लिहिते. तू चबुतऱ्यावर पहिलं पाऊल ठेवलंस आणि दुसरं ठेवेचना. उकिडवी बसलीस आणि हाताच्या तळव्यानं दगड चाचपलास, आपण बाजारात कापड बघतो तसा. मुलांना कड्याला पडलेली भोकांची जाळी दाखवलीस. खारं पाणी उडतं, वाळतं, मीठ दगडात फुलतं आणि दगड पोखरतो, असं काहीतरी सांगत होतीस. सलीमभाईंची धाकटी मुलगी दगड जिभेनं चाटून म्हणाली, खरंच खारट आहे, मॅडम. तू स्वतःही चाटलास. मी म्हटलं, धुळ्यात कोणाला सांगू नकोस. खडकातल्या खळग्यांत पाणी उरलं होतं, त्यात बोटाएवढे मासे. जिजी प्रत्येक खळग्यापाशी थांबून पाण्याला हात लावून कपाळाला लावत होती.

आणि मग ती पट्टी दिसली. तांबूस-करड्या खडकातून आडवी गेलेली, काळी, गुडघ्याएवढी वर आलेली, थेट पाण्यात शिरलेली. तू पळालीस. तुला मी त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं. तिच्यावर जाऊन बसलीस आणि ओरडलीस, "वहिनी, ही बघ आपली भिंत! जिजी, ही दख, तुनी भित आठे येल शे!"

जिजीनं तिला नमस्कार केला. मला तेव्हा हसू आलं होतं. एवढा समुद्र सोडून म्हातारी गावच्या दगडाला नमस्कार करतेय.

तुझं हसू मात्र मध्येच थांबलं. भिंतीच्या पलीकडे खडक जरा खोल होता आणि तिथे पाणी आलं होतं. फार नव्हतं. घोटाही बुडला नसता. पलीकडची वाट, वर देवळाकडे चढणारी, डोळ्यांना दिसत होती. तू उठलीस आणि वर्गातला आवाज काढलास. "सगळे मागे फिरा. पोरांचे हात धरा. आत्ता, लगेच."

जिजी हलेना. "मी नही फिराव," ती म्हणाली. "परदक्षिना अर्धी सोडानी नही."

"जिजी, पानी ई राहिनं."

"येवू दे. नवस शे मना. तुना ऑपरेशनना टाइमले बोलेल शे. पुरा फिरना पडी."

तुझ्या त्या जुन्या ऑपरेशनच्या वेळी जिजीनं नवस बोलला होता हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. तुलाही नव्हतं. तू तिचा हात घट्ट धरलास. "नवस मनाकरता शे ना? मंग मनंच आयक. मांगे फिर."

तरी जिजीचा पाय निघेना. शेवटी सलीमभाईंनी "माफ करना, जिजी" म्हणत तिला सरळ पाठुंगळी घेतलं. सबंध वाट ती त्यांच्या पाठीवरून मागे वळून त्या भिंतीकडे बघत होती. आपण पायऱ्यांशी आलो तेव्हा तुझा दादा घोटाभर पाण्यात उभा होता. चूल विझलेली, पऱ्हाटी तरंगत चाललेली, आणि ह्यांनी अर्धवट भाजलेली वांगी बनियनच्या ओच्यात धरलेली. पोरं हसून हसून लोळली. मी तुला म्हटलं, एवढी घाई कशाला केलीस, पळत गेलो असतो तर पार झालो असतो, म्हातारीचं मन मोडलंस. तू फक्त बोट केलंस. आपण जिथे उभे होतो तिथे भिंत दिसत नव्हती. नुसतं पांढरं पाणी उसळत होतं.

तू आम्हाला वाचवलंस असं त्या दिवशी कोणी म्हटलं नाही. वाचलेल्या माणसांना भूक लागलेली असते. वर वाळूत चूल मांडून, विकतच्या लाकडावर वांगी भाजली, ठेचली, पुऱ्यांबरोबर खाल्ली. सगळे म्हणाले मीठ जास्त झालंय. ते समुद्राचं होतं. जिजी जेवली नाही.

त्यानंतरची सगळी वर्षं, दर पौर्णिमेला, आपल्या घरात तेच भांडण. जिजी म्हणायची, मना नवस अर्धा ऱ्हायना. तू म्हणायचीस, देव काय पोलीस आहे का? मी जिजीची बाजू घ्यायचे, मग तू माझ्यावर घसरायचीस, की तुझ्या पऱ्हाटीनं उशीर झाला. मी म्हणायचे, तुझ्या समुद्राला थांबायला काय झालं होतं. तुझा दादा टीव्हीचा आवाज वाढवायचा. शेवटी तू म्हणायचीस, नेते बाई तुला, अष्टमीला नेते, अष्टमीला ओहोटी भर दुपारी असते, आरामात फिर. आणि मग कधी तुझ्या परीक्षा, कधी जिजीचे गुडघे, कधी माझं काही.

यंदा तू खरंच ठरवलंस. त्या मंगळवारी तुझा फोन आला. अष्टमी पक्की, बस सांगितली, ग्रुपवर टाकलंय. असोद्याहून वांगी मागव, पण पऱ्हाटी आणलीस तर तुला बसमध्ये घेणार नाही. मी म्हटलं, मग तू एकटीच जा आणि वांगी कच्ची खा. तू म्हणालीस, "उद्या येते, मग भांडू."

मी सकाळी चहाला दोन कप काढून ठेवले होते. त्याबद्दल एवढंच.

मग घर भरलं. त्या गर्दीत साक्रीच्या मावशी आल्या आणि जिजीच्या शेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन, चांगल्या मनानंच म्हणाल्या, तरी मी म्हणत होते, ती प्रदक्षिणा अर्धी सोडायला नको होती. बोलून झाल्यावर त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं. जिजीनं मात्र त्या दिवशी जे तोंड मिटलं ते उघडेना. चहाचे दोन घोट घ्यायची, पोळीचा तुकडा बोटांत चुरत बसायची. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय आहे. मी समोर बसले. तुझंच सगळं तिला सांगितलं, चंद्र, सूर्य, भरती, डोक्यातली फुटलेली शीर. मी म्हटलं, जिजी, पाण्याचा आणि विजूचा काही संबंध नाही. ती म्हणाली, "देवनं देनं ऱ्हाई गयं. त्यानी लई लिधं."

देवाचं देणं राहिलं म्हणून त्यानं तुला नेलं, यावर काय बोलायचं असतं, विजू? तू असतीस तर चिडली असतीस, आणि चिडून तिला एक घास भरवला असतास. मला चिडताही येईना. मी तुझ्यावर मात्र चिडले. स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हटलं, एवढी भूगोलाची मॅडम, सगळ्या धुळ्याला समजावलंस, आईला समजेल असं एक वाक्य मागे ठेवून जायचं होतंस. ह्यांनी येऊन विचारलं, कोणाशी बोलतेस? मी म्हटलं, कुकरशी.

परवा सकाळी जिजी आपण होऊन म्हणाली, "माले गावले लई चाल. महादेवले जावानं शे." ह्यांनी गाडी काढली. सोमवार होता. गावाबाहेरच्या त्या लहानशा देवळात आमच्याआधी कोणी अभिषेक करून गेलं असावं, दगडी पन्हळीतून पाणी अजून वाहत होतं. मागे माळावर तुझी भिंत, ऊन पडून तापायला लागलेली. जिजीनं पिंडीवर बेल वाहिला, बराच वेळ काही मागत बसली की काय कोण जाणे, मग देवळाच्या भिंतीला एक हात लावत प्रदक्षिणेला निघाली. पडेल म्हणून मी मागे. देवळाला वळसा घालून ती पन्हळीपाशी आली. काठी अलीकडेच टेकवली, वाहत्या पाण्याला हात लावून कपाळाला लावला, आणि मागे फिरली. मीही फिरले. महादेवाची प्रदक्षिणा अशीच घालतात, पन्हळीचं पाणी ओलांडायचं नाही, तिथून परतायचं. लहानपणापासून पाय आपोआप वळतात, कोणी सांगावं लागत नाही.

चार पावलं आली आणि जिजी थांबली. इतकी अचानक की मी तिच्या पाठीवर आदळले. तिनं वळून पन्हळीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"पानी आडं उनं का मांगे फिरतस ना वं, महादेवले?"

मी म्हटलं, "हो जिजी."

"वलांडतस नही."

"नाही."

ती नंदीच्या शेजारी बसली. काठी मांडीवर आडवी ठेवली. पाण्याकडे बघत हळूच म्हणाली, "मंग मनी विजूनी बराबर करं. पानी उनं, तिनी वलांडं नही. माले बी वलांडू दिधं नही." आणि मग, "परदक्षिना पुरी व्हयनी व्हती वं. तवळच पुरी व्हयनी व्हती."

तिथे ती रडली. मोठ्यानं, पदर तोंडात न कोंबता, तुला हाका मारत. ह्यांनी गाडीतून पळत येऊन तिला धरलं आणि तेही रडायला लागले. मी दोघांच्या पाठीवर हात फिरवत उभी होते. माझे डोळे कोरडेच. पण आत कुठेतरी मुंग्या आल्यासारखं झालं, बधिर पायाला जाग येताना येतात तसं. तेवढंच. तेवढ्याचंही मला बरं वाटलं.

घरी आल्यावर जिजीनं भाकरी मागितली. अख्खी खाल्ली, वर ताक प्यायली.

मला माहीत आहे, तुला हे आवडलं नसतं. तू म्हणाली असतीस, मी पौर्णिमा, चंद्र, पाण्याची उंची सगळं बघून मागे फिरवलं, आणि तुम्ही त्याचं श्रेय पन्हळीला दिलंत? मी म्हटलं असतं, मग काय झालं, तुझं आणि महादेवाचं एकदा तरी एकमत झालं. तू म्हणाली असतीस, त्याचं माझ्याशी झालं, माझं त्याच्याशी नाही. हे सगळं मला ऐकू येतं, तुझ्या आवाजात, कमरेवर हात ठेवलेलं. फक्त पुढचं उत्तर सुचत नाही. आपल्या भांडणात पुढचं वाक्य नेहमी तू द्यायचीस, आणि मी त्यावर चढायचे. एकटीला भांडता येत नाही गं.

आणि एक राहिलंय. त्या दिवशी तू बोट केलंस, मी ते पांढरं पाणी बघितलं, आणि तुझा दंड धरला. आठवतं? तुला वाटलं असेल मी घसरत होते. मी घसरत नव्हते.

काल संध्याकाळी जिजीनं विचारलं, "तठे पानी कवळ खाले जास? तिनी काय सांगेल व्हतं?" मी सांगितलं, अष्टमीला, भर दुपारी. ती म्हणाली, "मंग चालूत. बठ्ठासले सांग." मी म्हटलं, जिजी, आता पूर्ण फिरायचं? तिनं मान हलवली. "भितलोंग." भिंतीपर्यंतच.

म्हणून मी ग्रुपवर लिहिलं आहे. तुझा संदेश अजून सगळ्यात वर आहे, त्याच्या खालीच लिहिलं. बस तीच. वांगी असोद्याची. पऱ्हाटी टपावर चढेल, कारण मला अडवायला दारात कोणी उभं नाही, आणि हे वाचून कोणी हसू नये. जिजी पुढे चालेल, आम्ही मागे. त्या दुपारी पाणी लांब गेलेलं असेल. भिंतीच्या पलीकडची वाट कोरडी, देवळापर्यंत उघडी असेल, लहान पोरगंही पार होईल. तरी आम्ही सगळे भिंतीपाशी थांबू. जिजी तिला हात लावेल. मग, कोणी ओरडायच्या आधीच, आम्ही मागे फिरू.